बैठ्या घरातला जिना

मनुष्याचं पतन सात कारणांनी होतं. हे वाक्य वाचून कुणी हात जोडायच्या आत सांगून टाकतो, की ते कुठल्या पोथीतलं नाही, आमच्या अ‍ॅम्ब्युलन्सच्या फॉर्ममधलं आहे. पान दुसरं, रकाना अकरावा. जिना, मोरी, स्टूल, पलंग, गच्ची, वाहन, ओली फरशी. प्रत्येकापुढे एक चौकोन, आणि चौकोनात मारायची एक खूण. खाली 'इतर' असाही एक चौकोन आहे, पण तो शोभेचा. इतरवर खूण केली की तिसऱ्या दिवशी साहेबांचा फोन येतो, "इतर म्हणजे नेमकं काय, ते दोन प्रतींत लिहून द्या." त्यामुळे मी नोकरीला लागल्यापासून, म्हणजे गेल्या बावीस वर्षांत, आमच्या केंद्राच्या हद्दीत इतर कारणानं कुणीही पडलेलं नाही. कारण सुचलं नाही की जिना. जिन्याला कुणी हरकत घेत नाही. तो कठीण असतो, सगळीकडे असतो, आणि त्याची बाजू ऐकून घ्यायला कुणी जात नाही. नव्यानं लागलेल्या माणसाला आम्ही पहिल्या दिवशी ऑक्सिजनची टाकी दाखवतो आणि दुसऱ्या दिवशी हा जिना.

आणि त्या दिवशी, सकाळच्या अकराच्या सुमाराला, एका घराच्या मधल्या खोलीत, हातात दुमडलेलं स्ट्रेचर धरून मी जिना शोधत उभा होतो. डावीकडे स्वयंपाकघर, उजवीकडे झोपायची खोली, समोर मागचं दार, दाराबाहेर पाण्याची टाकी आणि टाकीवर वाळत घातलेली दोन पायपुसणी. वर पत्रा. पत्र्यावर थेट आकाश. सगळ्या घरात चढायला म्हणाल तर एक उंबरा होता, चार बोटं उंचीचा. माणसाला धक्का बसायला काही मोठं कोसळावं लागत नाही. एखादी गोष्ट तिथं नाही, एवढंसुद्धा पुरतं. माझ्या पायाखालून काहीतरी एक पायरी खाली गेलं, आणि त्या घरात तर पायरीच नव्हती.

कॉल साधा होता. बाई पडलीय, हात दुखतोय, शुद्धीवर आहे. पत्ता ऐकल्यावर आमचा ड्रायव्हर, ज्याला सगळं केंद्र पायलट म्हणतं आणि ज्याला ते मनापासून पटलेलं आहे, तो म्हणाला, "मामा, हे घर आपलं झालेलं आहे. गाडी उलटी घ्यायला लागते ते." पायलट माणसं लक्षात ठेवत नाही, वळणं ठेवतो. मी माणसं लक्षात ठेवतो अशी माझी समजूत होती. घराशी पोचेपर्यंत मला काही आठवलं नाही. फाटकाशी नवरा दिसला तेव्हा आठवलं. असा नातेवाईक आमच्या धंद्यात लाखात एक. एरवी नातेवाईक म्हणजे आरडाओरडा, "एवढा वेळ लागतो का?", शेजाऱ्यांची गर्दी, गाडीच्या मागच्या चाकापाशी लावलेली स्कूटर. या माणसानं फाटकाची दोन्ही दारं उघडून खाली विटा लावल्या होत्या, स्कूटर बाजूला घेतली होती, आणि काखेत प्लॅस्टिकची फाईल धरून तो रस्त्याकडे बघत उभा होता. नाक्यावरचा चष्म्याचा दुकानदार. इस्त्रीचा शर्ट, खिशाला छोटा पेचकस. "या मामा, या," म्हणाला. पायलट मला मामा म्हणतो हे त्यानं मागच्या खेपेला ऐकून लक्षात ठेवलं होतं. मागच्या खेपेला त्यानं आणखी एक गोष्ट केली होती. हॉस्पिटलच्या दारात माझ्याकडे बघून म्हणाला होता, "मामा, दांडी सैल झालीय तुमची," आणि माझा चष्मा काढून घेऊन, तिथंच उभ्या उभ्या, खिशातल्या पेचकसानं स्क्रू आवळून दिला होता. तेव्हापासून चष्मा नाकावरून घसरला नाही. त्या सकाळीही तो जागच्या जागी होता आणि मला सगळं स्वच्छ दिसत होतं, हीच पंचाईत होती.

बाई खुर्चीवर बसली होती. डावा हात मांडीवर, उजव्या हातानं खालून धरलेला, दुसऱ्या कुणाचं तान्हं मूल घटकाभर सांभाळायला घ्यावं तसा. डाव्या डोळ्याच्या कडेला सूज, अजून लालच, निळी व्हायची होती. रडलेली नव्हती. केस नीट बांधलेले. मी खाली बसून बोटं हलवायला सांगितली, तिनं हलवली. हात लावल्यावर तिचा श्वास अडकला, पण आवाज आला नाही. आवाज आला तो माझ्या मागून. "परत पडली हो. किती सांगतो बघून चाल, बघून चाल. मागच्या महिन्यात जिन्यावरून, आता हे." आणि फाईल उघडून त्यानं माझ्या डोळ्यांसमोर कागद धरला. आमच्या फॉर्मची गुलाबी प्रत. पांढरी हॉस्पिटलला, पिवळी ऑफिसला, गुलाबी नातेवाइकाला, अशी आमची वाटणी आहे. खाली माझी सही. रकाना अकरामध्ये जिन्यापुढे माझी खूण, कार्बनमुळे जराशी फाकलेली. "तुमच्याच कागदावर आहे," तो म्हणाला. तेव्हा मी उठलो, स्ट्रेचर हातात घेतलं आणि जिना शोधायला लागलो.

सापडला नाही. सापडला तो मागच्या महिन्यात. त्या वेळीही मी असाच खाली बसलो होतो, गुडघ्यावर फॉर्म, तोंडात पेनाचं टोपण. तेव्हा तिची बरगडी दुखत होती. मी विचारलं होतं, "कशा काय पडल्या?" तो म्हणाला होता, "पडली." बस, एवढंच. तो खोटं बोलायच्या तयारीत उभा होता खरा, पण खोटं अजून त्याला सुचलेलं नव्हतं. हे आता कळतं. माझ्यापुढे अकरावा रकाना होता, पाठीमागे दुसरा कॉल वाजत होता, आणि पेन थांबलेलं मला आवडत नाही. मी म्हणालो, "जिन्यावरून?" गिऱ्हाइकानं दोन फ्रेमींतली एक उचलायला जेवढा वेळ लावावा तेवढा त्यानं लावला. मग म्हणाला, "हो. जिन्यावरून." मी खूण केली. आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं महिनाभर माझ्या डोक्यात कुठं होतं कोण जाणे. तेव्हा मला वाटलं होतं, दुखतंय म्हणून बघतेय. ती माझ्याकडे बघत होती आणि मी वर पत्रा असलेल्या घराला जिना बांधून देत होतो, फुकट, जागेवर, सही-शिक्क्यासकट. पुढे तो जिना हॉस्पिटलात गेला. तिथल्या डॉक्टरनं पांढऱ्या कागदावरून आपल्या कागदावर उतरवून घेतला, कारण त्याच्याही पाठीमागे कुणीतरी उभं असणार. म्हणजे आता तो दोन ठिकाणी होता. खोटी गोष्ट दोन कागदांवर आली की तिला वजन येतं. तीन कागदांवर आली की तिला पुरावा म्हणतात.

या विषयावर आमचं एक प्रशिक्षण झालं होतं. अर्धा दिवस, पडद्यावर चित्रं, चहा आणि दोन बिस्किटं. शिकवायला आलेल्या मॅडम तळमळीच्या होत्या. त्या म्हणाल्या होत्या, घरातल्या मारहाणीची शंका आली तर बाईला एकटं गाठा. नवऱ्यासमोर विचारू नका, तो समोर असताना खरं उत्तर येत नाही आणि घरी गेल्यावर त्या प्रश्नाचीही किंमत बाईच देते. नवऱ्याशी वाद घालू नका, शहाणपणा शिकवू नका. विचारायचं ते सरळ विचारा, उत्तर तिच्या तोंडात घालू नका. ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत लिहा, तुम्हाला दिसलं ते वेगळं लिहा. आणि नाही म्हणाली तर नाही. दार उघडं ठेवून या. सगळं शहाणपणाचं होतं, म्हणून आम्ही सगळे झोपलो होतो. मी उघड्या डोळ्यांनी झोपतो, त्यामुळे वाक्यं आत शिरली होती. मॅडमनी एक प्रश्न पाठ करून घेतला होता, जोडीजोडीनं एकमेकांना विचारून. मी पायलटला विचारलं, "घरात कुणाची भीती वाटते का?" पायलट म्हणाला, "सासूची." सगळा हॉल हसला, मॅडमसुद्धा. मग आमच्यातल्या एका जुन्या खोडानं हात वर केला. "मॅडम, तिचे शब्द लिहायचे म्हणता, पण खालच्या गुलाबी कागदावर उमटणार की. आणि गुलाबी कागद जातो नवऱ्याच्या हातात." मॅडम म्हणाल्या, "फार चांगला प्रश्न आहे." त्यांनी तो वहीत लिहून घेतला. तो अजून त्यांच्या वहीत असेल. आम्हाला प्रमाणपत्रं मिळाली, घडी न घालण्याच्या जाड कागदावर.

पण मी ज्याला झोप म्हणतोय ती त्या हॉलमधली नव्हती, जुनी होती. हाताची हाडं मला कुणी शिकवायला नकोत. पडणारा माणूस तळहात टेकतो, म्हणून मोडतं ते मनगट. कोपराच्या पुढचं, करंगळीच्या बाजूचं हाड, तेही नेमकं मध्यावर, मोडतं ते हात डोक्यावर आडवा धरला आणि वरून काहीतरी आलं की. हे हाड मी पहिल्यांदा माझ्या थोरल्या बहिणीच्या हातात पाहिलं. माईच्या. मला नोकरी लागून सहा महिने झाले होते, नवा युनिफॉर्म होता, आणि माझी औषधांची पेटी घेऊन मी उगाच नातेवाइकांकडे जायचो, कुणाला काही लागलंय का बघायला. माईला लागलं होतं. ती ओट्याला टेकून उभी होती आणि म्हणाली, "मोरीत घसरले." भावोजी बाजूलाच होते. भावोजींसारखा मनमोकळा माणूस नाही. लग्नकार्यात त्यांच्याशिवाय पान हलायचं नाही. मी फळी लावून हात बांधत होतो तेव्हा पट्टीचं दुसरं टोक त्यांनीच धरलं होतं, अगदी ताणून, सांगितलं तसं. मी बोटांनी हाड चाचपलं. बोटांना कळलं. बोटांना कळलेलं वर डोक्यापर्यंत यायला हातभर अंतर आहे, पण काही माणसांत त्याला वीस-बावीस वर्षं लागतात. मी माईला म्हणालो, "जपून चालत जा." हे माझं वाक्य. घडी न घालता जपून ठेवलेलं. भावोजी म्हणाले, "तेच सांगतो मी." आणि आम्ही दोघं हसलो. भावोजींना जाऊन आता अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत माई एकदाही पडलेली नाही. साठी उलटली, गुडघे गेले, मोरी तीच, फरशी तीच, पण तोल मात्र उत्तम. वयानुसार माणसाचा तोल सुधारतो असा शोध लावून मी गप्प बसलेलो आहे. दर रविवारी तिच्याकडे जातो. ती चहा करते. साखर पुरे का विचारते. पुरे म्हणतो. बस, एवढंच आम्ही बोलतो, बाकी हवापाण्याचं.

मधल्या खोलीत भिंतीला एक मांडणी होती, तिच्यावर एक मऊ फडकं अंथरलेलं होतं आणि फडक्यावर बाईचा चष्मा. दांड्या दुमडलेल्या, काचा वर. एकही ओरखडा नाही. मी तो पाहिला आणि नजर वळवली, पण नजर पुन्हा तिथंच गेली. डोळ्याच्या कडेला एवढी सूज आणि चष्मा फडक्यावर झोपलेला. "चष्मा नव्हता का घातलेला?" हे मी विचारणार होतो. जीभ दातांपर्यंत आली होती. मॅडमचं वाक्य आठवलं आणि जीभ परत फिरली. "फळी आणा," मी पायलटला म्हणालो. दारात उभ्या पायलटनं माझ्याकडे पाहिलं, मग मांडणीवरच्या चष्म्याकडे, मग वर पत्र्याकडे. वळणं लक्षात ठेवणारा माणूस. त्यालाही काहीतरी वळलेलं दिसलं असावं. हाताला फळी बांधली. उजव्या हाताला सुई लावून सलाईन सुरू केलं, त्यातून दुखण्याचं औषध दिलं. बाटली धरायला नवरा आपण होऊन पुढे झाला. मागच्या खेपेला गाडीतला आकडा तुटलेला होता, म्हणून बाटली त्यानंच धरली होती, हॉस्पिटलपर्यंत, हात वर करून. सबंध रस्ताभर त्याचा हात वर आणि तिची मान खाली, आणि मी मधे बसून नाडी मोजत होतो, आणि मला वाटत होतं काय माणूस आहे, एवढा वेळ हात अवघडत नाही याचा.

गाडीपाशी आलो. स्ट्रेचर आत गेलं. तो चढायला लागला. मी म्हणालो, "तुम्ही पुढे बसा. मागे कुणी बसायचं नाही, नियम आहे."

"मागच्या वेळी बसलो होतो की."

"मागच्या वेळी आकडा तुटला होता."

"म्हणजे आकड्याच्या जागी बसलो होतो तर मी," तो हसून म्हणाला. पाय मात्र पायरीवरच होता. आतून बाईचा आवाज आला, घाईचा, "येऊ द्या ना त्यांना मागे. बसू द्या." ही भीती मी ओळखत होतो, तरी क्षणभर वाटलं, तीच म्हणतेय तर जाऊ दे. सोपं असतं ते. बावीस वर्षं सोपंच होतं. तेवढ्यात पायलट पुढून आला आणि अत्यंत गंभीरपणानं म्हणाला, "भाऊ, तुम्ही पुढेच या, उपकार होतील. मला हल्ली रस्त्यावरच्या पाट्या दिसत नाहीत."

अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरनं पेशंटच्या नातेवाइकाला हे सांगावं असं कुठल्याही प्रशिक्षणात नाही. चष्मेवाल्याच्या चेहऱ्यावरचा नवरा तेवढ्यात गेला आणि दुकानदार आला. "लांबच्या का जवळच्या?" त्यानं विचारलं.

"दोन्ही. मधल्या तेवढ्या दिसतात."

"कधीपासून?" असं विचारत तो पुढे गेला. मी दार ओढून घेतलं.

मागचा डबा म्हणजे आठ फुटांची लांबी. ड्रायव्हरच्या पाठीमागे एक सरकती काच आहे, ती कधीच पुरती लागत नाही. मी तिच्या फटीत कापसाचा बोळा कोंबला. तरी पुढचं बोलणं येत होतं, "ही पाटी वाचा... आता तिच्या खालची." "खाली पाटी आहे?" "अरे बाप रे." गाडी चालू झाली. माझ्यापुढे ती आडवी होती, डावा हात फळीवर बांधलेला, उजव्या हाताला सुई, पोटावर पट्टा. आम्ही दोघंच. दहा-बारा मिनिटांचा रस्ता. मी घसा साफ केला आणि विचारलं, "घरात... ओल असते का फार?" माझ्या तोंडून हे आलं. सात कारणांतलं सातवं. बाईनं माझ्याकडे पाहिलं, तेच मागच्या महिन्याचं पाहणं, आणि म्हणाली, "नाही. कोरडं असतं घर." दोन चौक गेले. एका गतिरोधकावर तिचा हात हलला, तिनं ओठ चावले. मी खाली वाकलो, तिच्या कानाशी नाही, तिला माझा चेहरा दिसेल असा, आणि पाठ केलेलं म्हणालो, "ताई, हे मी प्रत्येकीला विचारतो." खोटं, बावीस वर्षांत एकीलाही विचारलेलं नव्हतं. "तुम्हाला घरात कुणाची भीती वाटते का? कुणी मारलंय का?"

पुढून आवाज, "एक डोळा झाका. अहो, गाडी चालवताना नको, थांबल्यावर झाका."

"मागच्या वेळी जिना तुम्हीच दिलात ना?" ती म्हणाली.

"हो."

"मला वाटलंच. आवाज ओळखला."

"चूक झाली ताई. माझी चूक झाली. मी विचारायचं सोडून उत्तरच देऊन बसलो."

"चूक कसली," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "त्यांना फार आवडला तो. नंतर दोन-तीन दिवस घरात जाता-येता म्हणायचे, जपून गं, जिना आहे. पाणी आणायला उठले तरी. जिना आहे. आणि हसायचे. मीपण हसले एकदा. खरंच विनोदी होतं ते."

मी बाटलीकडे बघत राहिलो. थेंब पडत होते. मला माईचं ओट्याशी टेकणं दिसलं, आणि माझं वाक्य ऐकू आलं, आणि प्रथमच वाटलं की मी गेल्यावर त्या घरातही माझं वाक्य कुणीतरी जाता-येता म्हटलं असेल. जपून चालत जा. किती दिवस? पट्टी सुटेपर्यंत? मला जो आतापर्यंत नुसता मूर्खपणा वाटत होता, ती त्या घरात वापरायला ठेवून आलेली वस्तू होती. हॉर्न वाजला. मी म्हणालो, "आज काय लिहू?"

"तुमच्याकडे लिहिलेलंच असतं ना सगळं. चौकोन असतात."

"चौकोन राहू दे. तुम्ही सांगाल ते लिहितो. सांगायचं नसेल तर तसंही चालेल. मग मला दिसलं तेवढंच लिहीन."

"काय दिसलं?"

"चष्मा."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. मॅडम म्हणाल्या होत्या, दार उघडं ठेवून या. मी मनात दार उघडं ठेवायची तयारी करत होतो, तोंडी येईल असं एखादं बरं वाक्य शोधत होतो. तेवढ्यात ती मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "आधी चष्मा काढायला सांगतात. स्वतःच घेतात हातातून, फडक्यावर ठेवतात. काच फुटली तर नवी करायला दोन दिवस जातात, तेवढे दिवस दुकानातली दुसरी कामं पडून राहतात. मग." त्या 'मग'नंतर बराच रस्ता गेला. "चष्मा काढ म्हणाले की मला कळतं. दिसत नाही मग नीट. ते एक बरं आहे."

"हे लिहू का?"

"ते कागद बघतील. फाईलला लावतात."

मी फॉर्मचं पॅड मांडीवर घेतलं. पांढरा, कार्बन, पिवळा, कार्बन, गुलाबी. बावीस वर्षं मी कार्बन सरळ लावत आलो, कारण तिरका लागला की साहेबांचा फोन येतो. दुसऱ्या कार्बनचं टोक चिमटीत धरून मी तो हळूच ओढून काढला. निळी शाई बोटांना लागली. "खालच्या कागदावर काही उमटणार नाही," मी म्हणालो आणि तिला पॅड दाखवलं. "त्यावर मी वेगळं लिहितो. डावा हात, दुखापत, औषध दिलं. एवढंच. हा त्यांचा." ती चष्म्याशिवाय बघत होती, तिला किती दिसलं कोण जाणे. तिनं मान हलवली. "लिहा."

मी लिहिलं. तिचे शब्द तिचेच, अवतरणचिन्हं देऊन; 'मग'सुद्धा लिहिलं आणि पुढे जागा सोडली. मग मला दिसलं ते वेगळं: घर बैठं, जिना नाही. मागील महिन्याच्या फॉर्मवरील नोंद रुग्णाची किंवा नातेवाइकाची नसून माझी, ती चुकीची. खाली सही केली. ती विचारत होती, "हे परत सांगावं लागतं का? आत?"

"हो. डॉक्टरला सांगावं लागतं. तिथं एक वेगळी खोली आहे, एक बाई बसतात, त्यांना. पुढे पोलीस आले तर त्यांना."

"म्हणजे तीनदा."

"तीनदा. मी आत सिस्टरला आधी सांगून ठेवतो, त्यांना बाहेर बसवायला."

"आणि नाही सांगितलं तर?"

मला म्हणायचं होतं, सांगा ताई, कृपा करून सांगा. ते मी माझ्यासाठी म्हटलं असतं. "तर हा कागद आहे," मी म्हणालो. "हा खोटा नाही." फार थोडं होतं ते. एका कागदानं दुसरा कागद पुसता येत नाही, फार तर त्याच्या शेजारी बसवता येतो. मला माहीत होतं, की ती आत जाऊन "पडले" म्हणू शकते, संध्याकाळी प्लास्टर घालून त्याच फाटकातून आत जाऊ शकते, विटा लावलेल्या असतील. माई अशी पाच वेळा भावोजींच्या घरी परत गेली होती, की सहा? मला तर मोजायचंही सुचलं नव्हतं.

गाडी हॉस्पिटलच्या आवारात वळली. पायलटनं मुद्दाम लांबचं फाटक घेतलं होतं, ते मला वळणावरून कळलं. पुढे चष्मेवाला सांगत होता, "दुकानात या, फुकट तपासतो. डोळ्यांच्या बाबतीत हयगय करू नका." त्याचा आवाज खरोखरच आपुलकीचा होता, मला त्याचंच सगळ्यांत जास्त भय वाटलं. गाडी थांबली. इंजिन बंद झालं आणि आतली शांतता एकदम मोठी झाली. आता दोन मिनिटांत दार उघडणार होतं, स्ट्रेचर ओढलं जाणार होतं, आणि मग ती आणि तीन खोल्या आणि तीनदा. मला वाटलं, अशा वेळी माणसानं काहीतरी बोललं पाहिजे, पुढे आयुष्यभर पुरेल असं. आख्खा जन्म मी पडलेली माणसं उचलली. एखादं वाक्य तरी असायला हवं होतं माझ्याजवळ. मी शोधत होतो. तिनं डोळे उघडले, वर बाटलीकडे, मग आपल्या बांधलेल्या हाताकडे, मग सुईच्या हाताकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी दाटून येत होतं, ओठ थरथरत होते. बाहेर पायलटचं दार वाजलं.

"ऐका ना," ती हळूच म्हणाली.

मी श्वास रोखून वाकलो. "बोला ताई."

"मघापासून सांगीन सांगीन म्हणतेय. दोन्ही हात अडकलेत हो माझे. नाकाला खाज सुटलीय, जरा खाजवता का?"